पाच आणे चार पै : एका कादंबरीमागची सहा वर्षे

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर परत आलो, तर आजीची पत्र्याची ट्रंक स्वयंपाकघरातून वाहत येऊन जिन्याखाली अडकलेली सापडली. आत लुगडी, पितळी तांब्या आणि मेणकापडात गुंडाळलेली कागदांची एक चळत होती. त्या चळतीतल्या एका कागदावरून मी पुढे दोन काळांत चालणारी एक रहस्यकादंबरी लिहिली. ती गेल्या जुलैत छापून आली. घरातल्या जुन्या कागदांवरून असे काही लिहावे, असे ज्यांच्या मनात आहे आणि सुरुवात कुठून करावी हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हा प्रवास जसा झाला तसा लिहिते आहे.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. चिखलाने माखलेले कागद मी गच्चीवर उन्हात वाळत घातले. दोन तासांत ते पापडासारखे वळले आणि एकाची घडी उलगडताना तुकडाच हातात आला. ओला कागद उन्हात ठेवू नये आणि घडी ओली असताना उलगडू नये, हे मला नंतर कळले. वर्तमानपत्राची शाई उतरते, म्हणून कोऱ्या टीपकागदाच्या मध्ये कागद ठेवून, वर हलके वजन देऊन, सावलीत पंख्याखाली तो वाळवावा लागतो. टीपकागद दर चार-पाच तासांनी बदलायचा. उरलेले कागद मी असे नऊ दिवस वाळवले. ज्या कागदाबद्दल पुढे लिहिणार आहे त्याची खालची घडी मात्र कायमची चिकटून बसली, ती आजही तशीच आहे.

सगळे मोडीत होते. आमच्या घरात मोडी वाचणारे शेवटचे माणूस आजोबा, आणि ते जाऊन तीस वर्षे झाली होती. कागद एका फाइलीत घालून मी कपाटात ठेवले आणि घर सावरण्याच्या गडबडीत वर्ष गेले. २०२० च्या टाळेबंदीत मोडीचे बरेच वर्ग ऑनलाइन सुरू झाले, त्यांपैकी एका वर्गात मी ८०० रुपये भरून नाव घातले. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि प्रत्येक कारकुनाची लपेट वेगळी. मुळाक्षरे तीन आठवड्यांत येतात. आपल्या घरचा कागद वाचता यायला मला सात महिने लागले. शिकणाऱ्यांना एकच सांगेन की छापील मोडीवर फार दिवस काढू नका, आपलाच कागद मोठा करून छापा आणि ओळखीची अक्षरे पेन्सिलीने गोल करत जा.

फेब्रुवारी २०२१ मधल्या एका रात्री तो कागद सुटू लागला. तो घरगुती वाटणीचा टिपणवजा कागद होता, शके १८६३ चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १९४१-४२. फसली, म्हणजे महसुली, सन असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. आजोबांचे नाव लागले, त्यांच्या थोरल्या भावाचे, म्हणजे आप्पांचे, नाव लागले आणि दोघांच्याही नावापुढे हिस्सा लागला तो पाच आणे चार पै. मी तसाच तो वहीत उतरवला आणि झोपायला गेले. अंथरुणावर पडल्यावर डोक्यात हिशोब सुरू झाला. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. भाऊ दोन असतील तर प्रत्येकी आठ आणे यायला हवेत. पाच आणे चार पै म्हणजे बरोबर एक तृतीयांश. दोघांचे मिळून दहा आणे आठ पै होतात. उरलेले पाच आणे चार पै कोणाचे? खालची घडी चिकटलेली होती.

आपलेच वाचन चुकले असेल असे मी महिनाभर धरून चालले होते. अखेर साताऱ्यातल्या एका जाणकार मोडी वाचकांकडे कागद घेऊन गेले. त्यांनी पानाला ३०० रुपये घेतले, भिंगाखाली पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, “पाच आणे चार पैच आहे, ताई. तिसरा हिस्सेदार घडीत आहे. घडी उघडायला जाऊ नका, आहे तेही जाईल.”

घरात विचारण्यासारखे एकच माणूस उरले होते. आमच्या आत्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, गावीच असतात. मी कागद दाखवला नाही, नुसते विचारले, “आत्या, आजोबांना अजून एक भाऊ होता का?” त्या शेंगा फोडत होत्या. फोडायचे थांबल्या नाहीत. “माझं वडील आन् थोरलं आप्पा. दोघंच. कुनी सांगितलं तुला?” एवढे बोलून त्यांनी सुपातल्या टरफलांना फुंकर मारली आणि माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी सुरू केली. मी तिथेच ओळखले की कादंबरी आहे. घडलेली गोष्ट काय असेल हे मला ठाऊक नव्हते, पण सहा वर्षांच्या मुलीला जे गप्प बसायला शिकवले गेले ते तिने जवळजवळ ऐंशी वर्षे सांभाळले होते, आणि मला त्या गप्प बसण्याविषयी लिहायचे होते.

त्या वर्षांचा आमचा मुलूख आठवून पाहा. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, आणि पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्यांच्या न्यायदान मंडळांपुढे दरोडेखोर, जुलमी सावकार आणि पोलिसांचे खबरे उभे केले जात. खबऱ्यांच्या पायांना पत्री ठोकतात या बोलवेवरून लोक त्याला पत्रीसरकार म्हणू लागले. अशा काळात घरातला एखादा माणूस नाहीसा होतो आणि घर त्याचे नावही घेत नाही, तेव्हा दोन शक्यता मनात येतात. तो भूमिगत होऊन परागंदा झाला असेल, तर त्याचा अभिमान सांगितला गेला असता. दुसरी शक्यता मी बराच काळ वहीतही लिहिली नाही.

मार्च २०२१ पासून कचेरीच्या वाऱ्या सुरू झाल्या. जुन्या फेरफाराची, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याच्या नोंदीची, नक्कल हवी असेल तर साधा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आधारची प्रत आणि चालू सातबारा लागतो, हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते हे की आजच्या गट नंबरावरून १९४७ चा फेरफार सापडत नाही. जमिनींच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर मोडून गट झाले, त्यामुळे आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढून जुना सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा शोधावा लागतो, मग त्या सर्व्हे नंबरच्या जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक पाहायचे, आणि मग त्या क्रमांकांची मागणी करायची. मी उलट्या टोकाने गेले आणि चार महिने घालवले. पहिला अर्ज कुठे गेला ते कळले नाही. दुसऱ्या अर्जावर ‘अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ असा शेरा मिळाला. अर्जाची पोच घ्या, पोचेवर आवक क्रमांक घ्या, आणि जीर्ण म्हटले तर निदान पाहायला तरी मिळावे असा अर्ज माहितीच्या अधिकारात करा. त्याचे शुल्क दहा रुपये आहे, प्रतींना पानाला दोन रुपये पडतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोन दिवसांची रजा टाकून मुंबईच्या पुराभिलेखागारात गेले. ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. ओळखपत्र आणि अभ्यासाचा विषय लिहून दिला की आत बसता येते. गृह विभागाच्या विशेष शाखेच्या फायलींमध्ये साताऱ्याविषयी इतके आहे की दोन दिवस म्हणजे काहीच नव्हेत. गावांवर बसवलेल्या सामुदायिक दंडाचे कागद मी तिथे वाचले. आमच्या माणसाचे नाव कुठेही नव्हते. परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये मला रडू आले, आणि ते नाव न सापडल्याचे दुःख होते की सुटल्याची भावना होती, हे अजूनही सांगता येणार नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जे झाले ते केवळ योगायोगाने झाले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले होते आणि राज्यभर अभिलेख कक्षांतले रुमाल सोडले जात होते. रुमाल म्हणजे ज्या फडक्यात दप्तर बांधतात ते. माझा जीर्ण म्हणून नाकारलेला रुमाल एका टेबलावर उघडा पडला होता, आणि भोवती पणजोबांचे नाव शोधणारी माणसे दाटीवाटीने उभी होती. मोडी वाचणारा माणूस त्या दिवशी नव्हता. मी वाचू शकते हे कळल्यावर एका तरुणाने जन्ममृत्यूच्या नोंदवहीचे, म्हणजे गाव नमुना चौदाचे, पान माझ्यापुढे सरकवले. ‘जात’ या रकान्यात ‘कु’ एवढेच अक्षर होते आणि पुढे टिंब. मी वाचून दाखवले, तसा तो पान सोडून माझ्याकडेच पाहत राहिला आणि मग त्याने आईला फोन लावला. दुपारपर्यंत मी बारा-पंधरा जणांची पाने वाचली. संध्याकाळी तिथल्या लिपिकांनी, मी काही न म्हणता, आमच्या सर्व्हे नंबरची फेरफार नोंदवही काढून समोर ठेवली.

१९४७ च्या नोंदीत तीन भाऊ होते. तिसऱ्याच्या नावामागे ‘मयत’ लिहिले होते, वारस म्हणून ‘विधवा बायको’ आणि तिचे नाव. हे नाव मी आयुष्यात प्रथमच वाचत होते. खाली तिच्या अंगठ्याची निशाणी होती. शाई पसरलेली, पण रेषा मोजता येतील इतकी स्पष्ट. १९४९ च्या दुसऱ्या फेरफारात तिने चोळीबांगडीसाठी सव्वा एकर ठेवून बाकीचा हक्क दिरांच्या नावे सोडला होता. गाव नमुना चौदा मी १९४२ ते १९४७ पर्यंत ओळ न् ओळ पाहिला. पटकीने गेलेले, तापाने गेलेले, बाळंतपणात गेलेल्या बायका, सगळे होते. तिसरे आजोबा नव्हते. सरकारदप्तरी ते मेले होते, पण त्यांच्या मरणाची नोंद आमच्या गावात नव्हती. दोन्ही नकलांचे मिळून ६४ रुपये झाले.

लिहायला मी जानेवारी २०२४ मध्ये बसले. एक काळ १९४३ चा आणि दुसरा २०१९ च्या पुरानंतरचा. आधी मी जुना भाग सलग लिहून काढला आणि नवा भाग मध्ये मध्ये पेरला. तो खर्डा निर्जीव होता. नव्या काळातली बाई नुसते कागद वाचत बसली होती, तिला गमावण्यासारखे काही नव्हतेच. तिला अडचणीत टाकण्याची युक्ती माझ्या चुलतभावाने नकळत सुचवली. फेरफाराची हकीकत ऐकून त्याचा पहिला प्रश्न होता, “ताई, ह्यातनं कुणी वारस उभा राहणार नाही ना?” आणि मग, “लिही तू, पण गट नंबर तेवढा टाकू नकोस.” कादंबरीतल्या भावाची जमीन विक्रीला निघाली आहे आणि इसार घेऊन झाला आहे, असे केल्यावर प्रत्येक कागदाला वजन आले. दुसरी दुरुस्ती अशी की नायिका आधी चुकीचा निष्कर्ष काढते. वाचकाला जुन्या काळातून जे साठाव्या पानावर कळते ते तिला दोनशेव्या पानावर कळते, आणि मधली पाने वाचक तिला चुकताना पाहतो. अशा कादंबऱ्यांत जुना काळ नेहमी अधिक रंगतो आणि नवा काळ केवळ पोस्टमनचे काम करतो, अशी माझी वाचक म्हणून तक्रार होतीच. ती दूर करायला मला चार खर्डे लागले.

काळाचे घोटाळे किती केले, ते सांगायला लाज वाटत नाही, कारण ते सगळेच करतात. माझे पात्र १९४३ मध्ये एसटीने कराडला गेले होते, तर एसटी धावू लागली १ जून १९४८ ला. एक फौजदार ‘सांगली जिल्हा’ म्हणत होता. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते आणि आमचे गाव सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा जिल्हा झाला १ ऑगस्ट १९४९ ला आणि त्याला सांगली हे नाव मिळाले २१ नोव्हेंबर १९६० ला. हा नुसता तपशील नव्हे, कारण संस्थानांच्या हद्दींचा भूमिगतांना उपयोग होत असे आणि प्रतिसरकारचे ठाणे असलेले कुंडल हे औंध संस्थानात होते, हे लक्षात आल्यावर माझ्या कथानकातला एक पळून जाण्याचा प्रसंग आपोआप सुटला. शेतात मी सगळीकडे ऊस उभा केला होता, तिथे ज्वारी, भुईमूग आणि तंबाखू आणावी लागली. १९४२ च्या प्रसंगात एका मुलाच्या हातात मी भोकाचा पैसा दिला होता. खर्डा वाचणाऱ्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी समासात लिहिले, ‘हा १९४३ पासून पाडला.’ ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. त्या आठवड्यातल्या एका रात्री मी पिठूर चांदणे पाडले होते. जुने पंचांग पाहिले तर अमावास्या होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. २४ जुलैची वसंतदादा पाटलांची सांगलीच्या तुरुंगातून तटावरून उडी मात्र मी मुद्दाम पात्रांच्या कानावर आलेल्या बातमीपुरतीच ठेवली. खऱ्या माणसांच्या तोंडी बनवलेले संवाद घालायचे नाहीत हे मी पहिल्यापासून ठरवले होते, आणि गावाचे नावही बदलले.

सर्वांत अवघड निर्णय तिसऱ्या आजोबांचा होता. आमच्याकडे प्रतिसरकार हा देव्हाऱ्यातला विषय आहे, आणि तो तसा का आहे हे मलाही मान्य आहे. माझ्या कादंबरीतला माणूस खबऱ्या आहे की खबऱ्या समजला गेलेला, हे मी शेवटच्या खर्ड्यापर्यंत बदलत राहिले. छापलेल्या पुस्तकात तो रात्री मागच्या दाराने निघून जातो, थोरला भाऊ त्याला दार उघडून देतो, आणि घर पुढे त्याला मेलेला ठरवते. हे माझे बनवलेले आहे. कागदात यातले काही नाही.

प्रकाशनाचे थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन प्रकाशकांना संहिता पाठवली. एकाचा नकार पाच आठवड्यांत आला, दुसऱ्यांनी खर्चाचा निम्मा वाटा मागितला, तिसऱ्यांचे उत्तर आजतागायत नाही. फेब्रुवारीत स्वतःच छापायचे ठरवले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, पैसे घेऊन तो काढून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. मला तीन आठवडे लागले. पुस्तकाचे १७ फर्मे झाले, म्हणजे २७२ पाने. अक्षरजुळणीचे ४० रुपये पानाप्रमाणे १०,८८० रुपये, मुखपृष्ठाचे ६,०००, आणि ३०० प्रतींच्या छपाई-बांधणीचे ४१,५०० रुपये झाले. युनिकोडमधला मजकूर दुसऱ्या टंकात नेताना जोडाक्षरे फुटतात, त्यामुळे पहिल्या मुद्रितात ‘वाड्यात’ सगळीकडे तुटला होता. तीन मुद्रिते स्वतः वाचा आणि चौथे दुसऱ्याला द्या. छापून झाल्यावर कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना तीस दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात, हे अनेकांच्या गावीही नसते. स्पीड पोस्टने मला चारही मिळून ३८० रुपये पडले.

पुस्तक आले तसे मी गावी गेले. आत्या आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, डोळ्यांनी दिसत नाही, कान शाबूत आहेत. त्यांना काही न सांगता गोष्ट म्हणून वाचायला सुरुवात केली. तीन दिवस रोज दुपारी वाचत होते आणि त्या हूं देत होत्या. तिसऱ्या दिवशी ते प्रकरण आले. रात्र, चुलीतला विझत आलेला जाळ, मागच्या दाराची कडी, गोठ्याकडून निघून गेलेला माणूस. मी पान उलटायला थांबले.

“मागल्या दारानं न्हवं,” आत्या म्हणाल्या. “पुढल्या दारानं गेला. दिवसाउजेडी. आमी समदी सोप्यात बसलेलो हुतो. आप्पा म्हनलं, कुनी वर बघायचं न्हाई.”

मी विचारले, “मग तुम्ही पाहिलंत का, आत्या?”

“पाय बघितलं,” त्या म्हणाल्या. “नव्या वहाना हुत्या.” आणि बराच वेळ गेल्यावर, “वाच की. थांबलीस कशाला?”

माझ्या प्रतीत १८७ व्या पानाच्या समासात मी ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. उरलेल्या २१२ प्रती खोक्यांमध्ये, यंदा वरच्या मजल्यावर ठेवल्या आहेत.